उपवासाच्या पानाची कुळकथा

आषाढी एकादशीच्या दिवशी देशावरच्या एखाद्या सामान्य गृहस्थाच्या घरी फराळाचे जे पान मांडले जाते त्यात साबुदाण्याची खिचडी असते, त्या खिचडीत दाण्याचा कूट, हिरवी मिरची आणि बटाट्याच्या फोडी असतात, शेजारी वरीचे तांदूळ व दाण्याची आमटी, पलीकडे गुळातली रताळी, राजगिऱ्याची वडी आणि पानाच्या कडेला एखादे केळे असते. हे पान वाढणारी गृहिणी आधी देवाला नैवेद्य दाखवते, मग घरच्यांना वाढते, आणि हा आचार आपल्या सासूच्या सासूपासून, किंबहुना कलियुगाच्या आरंभापासून, असाच चालत आला आहे याविषयी तिच्या मनात तिळमात्र संदेह नसतो. पण या पानावरचा एकेक जिन्नस उचलून त्याला त्याचे मूळ गाव विचारावे, तर वरी, केळे, गूळ, जिरे आणि तूप एवढीच मंडळी या मुलखातली जुनी वतनदार निघतात. ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो ब्राझीलचा, भुईमूगही दक्षिण अमेरिकेतला, बटाटा अँडीज पर्वताच्या उतारावरचा, मिरची मेक्सिकोकडची, आणि रताळे व राजगिरा यांचे कूळही त्याच खंडातले. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या समकालीन वारकऱ्याने चंद्रभागेच्या वाळवंटात एकादशी केली असेल, तेव्हा तूप-जिरे सोडले तर या खिचडीतला एकही पदार्थ त्याच्या पाहण्यात आला असणे शक्य नव्हते.

एवढे कळल्यावर काहींना हसू येते आणि काहींना विषाद वाटतो. हसणारे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण पुढे करतात, तर विषाद मानणारे हा सारा मूळ व्रताचा भ्रंश आहे असे म्हणतात. मला हे दोन्ही अभिप्राय अन्यायाचे वाटतात. उपवासाचे पान ही मराठी गृहिणींनी तीन-चार शतके सावकाश, विचारपूर्वक केलेली एक रचना आहे, आणि परक्या वस्तूला घरात घ्यायचे ते कोणत्या अटीवर, याचा इतका स्पष्ट दाखला आपल्या सामाजिक इतिहासात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आधी शास्त्राचे पाहू. ज्यांच्या सेवनाने अथवा पालनाने व्रताचा भंग होत नाही अशा आठ गोष्टी एका प्रसिद्ध स्मृतिवचनात सांगितल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला आणि त्याचा एक संपूर्ण खंड व्रतांना वाहिला. पुढे १६१२ साली काशीत कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ आणि १७९० साली पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ सिद्ध झाला. या पुढच्या दोन ग्रंथांची मुख्य चिंता तिथीच्या निर्णयाची आहे. दशमीचा वेध कधी मानावा, पारणे कोणत्या घटकेला सोडावे, याचा त्यांत सूक्ष्म खल आहे. पानात काय वाढावे ही बाब स्वयंपाकघराच्या वहिवाटीवर सोपवलेली होती, आणि ती वहिवाट मुळे, फळे व दूध या तीन शब्दांभोवती फिरत असे.

याच्या जोडीला आणखी एक जुना विचार होता. वानप्रस्थाने नांगरलेल्या जमिनीतले धान्य खाऊ नये असे मनुस्मृती सांगते. जे आपोआप उगवते, ज्यासाठी पशूच्या मानेवर जू ठेवावे लागत नाही, ते अन्न तपस्व्याचे. हा विचार आपल्याकडे ऋषिपंचमीला आजही जिवंत आहे. त्या दिवशी व्रतस्थ बायका बैलाच्या श्रमाचे काही खात नाहीत; परसात आलेला अळू, माठ, पडवळ, दोडका, सुरण, भोपळा यांची एकत्र भाजी होते आणि मिळाला तर देवभात शिजवला जातो. जुन्या उपवासाचे स्वरूप कसे असेल हे ज्याला पाहायचे असेल त्याने पोथ्यांपेक्षा या भाजीकडे पाहावे. आणि तेथेही, लक्षपूर्वक पाहिल्यास, मक्याचे कणीस आणि लाल भोपळा हे दोघे अमेरिकेचे रहिवासी निमूटपणे पातेल्यात बसलेले आढळतील.

उपवासात वर्ज्य काय, ते मात्र नावानिशी ठरलेले होते. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा ही नावे निषेधाच्या यादीत पक्की होती. १४९८ साली वास्को-द-गामा कालिकतला उतरला, १५१० साली आल्बुकर्कने गोवे घेतले, आणि त्यानंतरच्या शतकांत पोर्तुगीज गलबतांतून जी झाडेपाने, कंद आणि बिया या किनाऱ्यावर आल्या त्यांची या यादीत नोंद असण्याचा संभवच नव्हता. ज्याचे नाव दप्तरात नाही त्याच्यावर फर्मान लागू होत नाही. तथापि एवढ्यानेच काही प्रवेश मिळाला नाही. निषेधाच्या बाहेर असणे पुरेसे नव्हते. मूळ, फळ किंवा औषध यांपैकी एखाद्या जुन्या आसनावर बसता येणेही आवश्यक होते, आणि ज्यांना ते जमले तेवढेच आत आले.

मिरचीला सर्वांत सोपे गेले, कारण तिची जागा आधीच तयार होती. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त पाककृतींचे विपुल वर्णन आहे, पण तिखटपणासाठी तेथे मिरीच येते, मिरची कोठून असणार? मिरी उपवासाला चालत होती, मिरची तिच्या जागी उभी राहिली, आणि परसात लावता येणारी ही स्वस्त प्रतिनिधी गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचली. बटाट्याचेही तसेच. सुरण, कोनफळ, करांदे, कणगरे हे आपले जुने कंद. त्यांतला सुरण नीट शिजला नाही तर घशाला खाजतो, करांदा कडवट निघण्याची धास्ती असते. अशा कुटुंबात एक निरुपद्रवी, चटकन शिजणारा, बरेच दिवस टिकणारा कंद आल्यावर त्याला कोणी नाकारावे? महाबळेश्वरला मुंबई सरकारने हवा खाण्याचे ठाणे वसवले तेव्हा तेथे पूर्वेकडील वसाहतींतून आणलेल्या चिनी कैद्यांचा एक तुरुंग होता, आणि १८६४ साली तो मोडेपर्यंत या कैद्यांनी सह्याद्रीच्या त्या लाल मातीत बटाट्याची आणि इतर विलायती भाज्यांची लागवड केली. अँडीजचा कंद, चिनी बंदिवानाचे हात, इंग्रजांचा बाजार आणि शेवटी एकादशीचे ताट, असा त्या बटाट्याचा प्रवास आहे. पुढे खेड-मंचरच्या बाजूला बटाटा इतका रुजला की तो परका होता ही आठवणही उरली नाही.

भुईमुगाची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे, कारण तो जातीने कडधान्य आहे. मूग-उडदांशी त्याचे सख्खे नाते. आणि मूग-उडीद तर वर्ज्य! तरीही तो उपवासाला चालतो, इतकेच नव्हे तर देशावर त्याच्यावाचून उपवासाचे पान उभे राहत नाही. त्याचे फूल जमिनीवर फुलते, पण फुलानंतर निघणारी आर वाकून मातीत शिरते आणि शेंग तेथेच, अंधारात, भरते. शेंगा काढायच्या म्हणजे वेल उपटून मुळांसह वर घ्यायचा. वनस्पतिशास्त्राचे काहीही म्हणणे असो, जमिनीतून उपटून निघते ते मूळ, असा साधा न्याय पाहणाऱ्याने केला असावा असे मला वाटते. कोकणात मात्र त्याची इतकी गरज पडली नाही, कारण तेथे नारळ होता. म्हणून आजही कोकणातल्या उपवासाच्या पदार्थांवर ओले खोबरे पडते आणि देशावर दाण्याचा कूट, आणि पानावर नजर टाकून घर घाटाच्या वरचे की खालचे हे बहुधा ओळखता येते.

आता साबुदाणा. मूळचा साबुदाणा मलाया द्वीपसमूहात दलदलीत वाढणाऱ्या सागू नावाच्या ताडजातीय वृक्षाचा. त्याचा बुंधा फोडून आतला गाभा किसायचा, तो पाण्यात कालवून त्यातले पिठूळ सत्त्व खाली बसू द्यायचे आणि त्याचे दाणे वळायचे. एकोणिसाव्या शतकात सिंगापुरात या दाण्यांचे कारखाने होते आणि तेथून हा माल जहाजांनी हिंदुस्थानच्या बंदरांत उतरत असे. आपल्याकडे तो आजाऱ्याचे पथ्य म्हणून रुजला. तापातून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला, लहान मुलाला साबुदाण्याची पेज देत. झाडाच्या गाभ्याचे असल्याने ते धान्य नव्हे, आणि वैद्याने सांगितलेले असल्याने ते औषध. त्या स्मृतिवचनातल्या आठव्या दाराने साबुदाणा उपवासात शिरला असावा, हा माझा तर्क आहे.

यानंतर जे घडले ते फार थोड्यांच्या लक्षात आले. कसावाचा कंद पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून मलबारात आणलेला होता, आणि १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी रयतेच्या पोटाला आधार म्हणून त्याच्या लागवडीला विशेष उत्तेजन दिले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले, सागूची आयात थांबली, आणि त्यानंतर लवकरच तमिळ मुलखात सेलमच्या व्यापाऱ्यांनी कसावापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभारला. कंद सोलून, धुऊन, किसून त्याचे दूध गाळून घेतात, हौदात पांढरा साका बसू देतात, तो ओलसर असताना फोडून कापडाच्या झोळीत हेलकावे देऊन त्याचे गोल दाणे करतात, खोबरेल तेलाचा हात फिरवलेल्या तापल्या पत्र्यावर भाजतात आणि अंगणभर उन्हात वाळवतात. वाण्याच्या पोत्यात आलेला हा नवा दाणा रंगाने, रूपाने, चवीने जुन्यासारखाच होता. एका महायुद्धाने उपवासाचा मुख्य पदार्थ मुळापासून बदलला, आणि घराघरांतले नेम जसेच्या तसे चालू राहिले. त्यांना बाध येण्याचे कारणही नव्हते, कारण वृक्षाच्या गाभ्याच्या जागी आता जे आले होते ते कंदाचे सत्त्व होते, आणि कंद तर शास्त्राला पहिल्यापासून मान्य.

या दाण्याची खिचडी करणे हे मराठी स्वयंपाकघराचे स्वतंत्र कर्तृत्व मानले पाहिजे. अन्यत्र त्याची पेज किंवा खीर होते, कारण पाणी लागताच फुगून एकमेकांना चिकटणे हा त्याचा स्वभाव. तो धुऊन, निथळून, बोटाच्या पेराएवढेच पाणी वर ठेवून रात्रभर भिजवावा. सकाळी दाणा चिमटीत सहज चुरडला गेला पाहिजे. मग त्याला दाण्याचा कूट भरपूर चोळावा, म्हणजे कूट वरचा ओलावा शोषून घेतो, दाण्यादाण्याभोवती स्निग्ध कवच होते आणि जिरे-मिरचीच्या तुपातल्या फोडणीवर, मंद आचेवर, खिचडी मोकळी उतरते. देशावर भुईमूग विपुल झाला नसता तर ही खिचडी झालीच नसती.

हे सगळे ठरवले कोणी? कोणत्याही पीठाचा अथवा ब्रह्मसभेचा निर्णय यामागे नाही. जेथे निर्णय पुरोहितांच्या हाती राहिला तेथे निकाल उलट लागला: पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाट्याला आणि टोमॅटोला आजही मज्जाव आहे, आणि तमिळ ब्राह्मणांच्या श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची न घालता मिरीच घालतात. देव आणि पितर यांच्या पंक्तीत जुन्याचाच मान. उपवास हा ज्याचा त्याने करायचा, म्हणून त्याची पाकसिद्धी घरातल्या बायकांच्या अखत्यारीत राहिली, आणि त्यांनी आपल्या अधिकाराचा उपयोग अतिशय तारतम्याने केला. काजू, पेरू, पपई, अननस, सीताफळ ही अमेरिकेची फळे त्यांनी फळ म्हणून सुखाने घेतली. पण कोबी आणि फ्लॉवर दाराबाहेर राहिले. ऋषिपंचमीला चालणारा मकाही एकादशीला बहुतेक घरांत चालत नाही, कारण त्याचे दाणे काढून पीठ करता येते आणि ज्याची भाकरी होते ते धान्य. हळद आणि मोहरी हे खास आपले पदार्थ असूनही मराठी उपवासाला चालत नाहीत. भेंडी काही घरांत चालते, काही घरांत नाही. कोथिंबिरीवरून तर एकाच आळीतल्या दोन घरांत मतभेद असतात, आणि लग्न होऊन आलेली मुलगी सासरची वहिवाट शिकून घेते.

राजगिरा या सर्वांत निराळा, कारण तो परदेशातही व्रताचेच अन्न होता. मेक्सिकोत आझ्तेक लोक त्याच्या पिठात मध कालवून आपल्या देवांच्या मूर्ती घडवीत, उत्सवात त्या मिरवीत, आणि मग त्यांचे तुकडे प्रसाद म्हणून वाटून खात. १५२१ साली आझ्तेकांची राजधानी पडली. स्पॅनिश धर्मोपदेशकांना या प्रसादात आपल्या ख्रिस्तप्रसादाची विटंबना दिसली, तो विधी बंद पाडण्यात आला आणि त्याबरोबर त्या बियांचा मान गेला. तेथील शेतांतून राजगिरा मागे हटत गेला, आणि इकडे हिमालयाच्या उतारापासून दख्खनपर्यंत तो व्रताचे अन्न म्हणून प्रतिष्ठा पावला. मेक्सिकोतले लोक आजही तापल्या तव्यावर या बिया फुलवून, त्यांत मध किंवा पाक घालून वड्या थापतात. आपल्याकडे लाह्या त्याच रीतीने फुटतात, फक्त मधाऐवजी गुळाचा पाक असतो, आणि एकादशीला मुले त्याच वड्या मागतात.