याकूतखान किती? हबसाणातली नावे आणि किताब

मागच्या पावसाळ्यात घाटकोपरच्या एका वाचनालयात जंजिऱ्याच्या सिद्दींवर बोलायला गेलो होतो. पंचवीस-तीस माणसे होती, बहुतेक निवृत्त. भाषण संपल्यावर मागच्या बाकावरचे एक आजोबा उठले. हातात त्यांनी करून घेतलेले टिपण होते. म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, याकूतखानाने १६७१ च्या होळीच्या रात्री मराठ्यांकडून दंडाराजपुरी घेतली. मग १६८९ मध्ये याकूतखानाने मुंबईला वेढा घातला. आणि १७३३ मध्ये याकूतखान वारला, म्हणून बाजीराव कोकणात उतरला. अहो, हा माणूस जगला तरी किती वर्षं?"

मी म्हणालो, "दीर्घायुषी असावा." सगळे हसले, मीही हसलो. पण मुलुंडपर्यंतच्या गाडीत हसू टिकले नाही. कारण घरी माझ्या वहीत 'याकूतखान' या नावाचे एकच पान होते, आणि त्या पानाच्या आधारावर मी एक लेखही छापून बसलो होतो. त्यात "साठ वर्षे समुद्रावर सत्ता गाजवणारा" असे शब्द होते. ते शब्द माझे आहेत, दुसऱ्या कुणाकडून घेतलेले नाहीत, ही त्यातली अधिक वाईट गोष्ट.

मी इतिहासाचा विद्यार्थी कधीच नव्हतो. जे शिकलो ते ग्रंथालयांत बसून आणि चुका करून. ही चूक मात्र मला पुष्कळ शिकवून गेली, म्हणून ती इथे सविस्तर मांडतो.

याकूतखान हे त्या माणसाचे नाव नव्हते, तो किताब होता. जंजिऱ्याचा सिद्दी आधी निजामशाहीचा, १६३६ नंतर विजापूरच्या आदिलशाहीचा चाकर, आणि विजापूरकडून त्याला 'वजीर' म्हणवून घ्यायचा मान होता. १६७० च्या सुमारास किल्लेदार फत्तेखान शिवाजी महाराजांना जंजिरा देऊन टाकायच्या विचारात आला, तेव्हा सिद्दी संबळ, सिद्दी कासम आणि सिद्दी खैरियत या तिघांनी त्याला कैद केले आणि औरंगजेबाचा आश्रय घेतला. मोगलांनी मग 'वजीर' मागे ठेवून 'याकूतखान' हा किताब दिला आणि आरमाराच्या खर्चासाठी सुरतेच्या महसुलातून नेमणूक बांधून दिली. मुंबईला वेढा घालणारा याकूतखान म्हणजे सिद्दी कासम. १७३३ मध्ये वारला तो सिद्दी रसूल, त्याचाही किताब याकूतखान. माझ्या वहीतल्या एका पानावर निदान दोन पिढ्यांची माणसे दाटीवाटीने बसली होती.

असे का घडले, ते जंजिऱ्याच्या वारसापद्धतीत आहे. सुरुवातीच्या काळात तिथे बापामागून मुलगा गादीवर बसत नसे. हबशी सरदारांच्या बिरादरीत जो ज्येष्ठ आणि कर्तबगार, आरमार ज्याच्या ताब्यात, तो पुढे येई. माणूस बदले, पण किताब तोच राही. आपल्याकडे कान्होजी आंग्र्यांचे 'सरखेल' त्यांच्या मुलांकडे गेले, नागपूरकर भोसल्यांचे 'सेनासाहेबसुभा' पिढ्यान् पिढ्या चालले, पण तिथे घराणे एक होते आणि आडनाव सोबत होते. इथे आडनाव नाही, त्यामुळे किताब हाच आडनावासारखा दिसू लागला आणि माझ्यासारखे फसले. शिवाय हा किताब भांडणाचाही होता. १६७७ मध्ये बादशहाने संबळला बाजूला करून कासमला आरमाराचा प्रमुख नेमले, तेव्हा संबळ जहाजे सोडायला तयार होईना. दोघांची कुरबूर मुंबईच्या बंदरात, माझगावला, इंग्रजांच्या डोळ्यांदेखत चालली आणि शेवटी इंग्रजांनाच मध्ये पडावे लागले. आणि एवढे रामायण कशासाठी, तर आरमारासाठी, सुरतेच्या नेमणुकीसाठी आणि एका नावासाठी.

त्या नावाचा अर्थ मी उशिरा शोधला. याकूत म्हणजे माणिक. तिथून पुढे वही पुन्हा उघडली तेव्हा एकेक नाव नव्याने दिसू लागले. अंबर म्हणजे व्हेल माशापासून मिळणारे सुगंधी द्रव्य. संबळ हे अरबी सुंबुल, म्हणजे जटामांसीसारखी सुवासिक वनस्पती. पन्हाळ्याला वेढा घालणारा जोहर, म्हणजे रत्न. काफूर म्हणजे कापूर, मर्जान म्हणजे पोवळे, रैहान म्हणजे सब्जा. ही यादी एखाद्या अत्तरवाल्याच्या किंवा जवाहिऱ्याच्या दुकानातली वाटते, आणि तसेच आहे. गुलामांच्या बाजारात विकत घेतलेल्या मुलाला धनी असले नाव देई. तो मौल्यवान माल आहे आणि आपल्या मालकीचा आहे, दोन्ही एका शब्दात. त्या काळच्या अरबी-फारसी जगात अशा नावाचा माणूस भेटला तर तो कधीतरी विकला गेलेला आहे हे ऐकणाऱ्याला बहुधा कळत असे.

म्हणजे औरंगजेबाच्या दरबाराने आरमाराच्या अधिपतीला जो मान दिला, त्यात गुलामाच्या नावापुढे 'खान' लावलेले होते. ज्यांना तो मिळाला त्यांना तो खुपला की अभिमानाचा वाटला? ते किताबासाठी भांडले, एवढे खरे.

मलिक अंबरची कथा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून नावापुरतीच सांगतो. जन्म सुमारे १५४८, इथिओपियात. लहानपणीचे नाव चापू. तो अनेकदा विकला गेला; बगदादच्या मीर कासम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला शिकवले आणि 'अंबर' नाव दिले. दख्खनमध्ये त्याला विकत घेतले निजामशाहीच्या पेशव्याने, म्हणजे चंगीजखानाने. हा चंगीजखान स्वतः हबशी, आणि त्याचे नाव मंगोल! तेही अर्थातच किताबच. अंबरच्या नावामागचे 'मलिक' म्हणजे राजा किंवा धनी. राजा-सुगंध असे काहीतरी त्या नावाचे भाषांतर होईल. याच माणसाने निजामशाही पंचवीस वर्षे तगवली, खडकी वसवली, १६२४ मध्ये भातवडीला शहाजीराजांसारख्या सरदारांना घेऊन मोगल आणि विजापूर दोघांना एकदम हरवले. जहांगीर त्याच्या रंगावरून त्याला शिव्या देतो. अबुल हसनने काढलेल्या एका चित्रात तर बादशहा भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधी मिळाले नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणाने वारला आणि खुलताबादेत त्याची कबर आहे.

अंबरच्या मुलाचे नाव फत्तेखान, आणि जंजिऱ्याच्या कैद झालेल्या किल्लेदाराचेही फत्तेखान. दोघांमध्ये चाळीस वर्षांचे अंतर आहे, तरी मी ऐकलेल्या निदान तीन व्याख्यानांत ते बापलेक नाहीतर एकच माणूस झाले होते. सिद्दी जोहरला आदिलशहाने 'सलाबतखान' केले. अहिल्यानगरजवळच्या डोंगरावर ज्या वास्तूला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात ती कबरही एका सलाबतखानाचीच, पण तो निजामशाहीतला, वेगळा. किताब रिकामा झाला की दुसऱ्याला घालत, दरबारातल्या झग्यासारखा.

'सिद्दी' हा शब्दही असाच. मूळ अरबी 'सय्यदी', म्हणजे 'माझे धनी'. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या समाजाला धनी म्हणायचे, हा भाषेने केलेला विनोद की त्यांच्यातल्या पराक्रमी माणसांना मिळालेला मान पुढे सगळ्यांना चिकटला? मला दुसरे बरोबर वाटते. मराठी कागदांत मात्र त्यांना 'हबशी' म्हटले आहे, आणि पेशवाईतल्या पत्रांत सरळ 'शामळ', म्हणजे काळा. त्यांच्या मुलुखाला हबसाण. आमच्या इमारतीत मुरूडहून आलेले एक काका आहेत, ते अजून "आम्ही हबसाणातले" असे म्हणतात. त्यांना मी इथिओपियाचे अरबी नाव अल्-हबशा आहे असे सांगितले तर म्हणाले, "म्हणजे आम्ही परदेशातलेच की!" श्रीवर्धनची देशमुखी याच हबसाणात होती, आणि सिद्दीशी बिघडल्यामुळे ती सोडून बाळाजी विश्वनाथ घाटावर गेले. पेशवाई त्यातून उभी राहिली. हबसाण नावाचा एक चिमुकला मुलूख मराठी इतिहासात किती वळणांवर उभा आहे, ते पाहून अजून नवल वाटते.

खुद्द इथिओपियात किताबांचे वेगळे जग होते. १२७० मध्ये गादीवर आलेले सोलोमनी घराणे स्वतःला राजा सोलोमन आणि शेबाची राणी यांचे वंशज मानी. राजा 'नेगूस', सम्राट 'नेगूस नेगस्त', म्हणजे राजांचा राजा. खाली 'रास', म्हणजे शब्दशः डोके. मग लष्करी किताब : 'फितावरारी' आघाडीचा, 'केन्याझमाच' उजव्या बाजूचा, 'ग्राझमाच' डाव्या बाजूचा सेनापती. रणांगणावरच्या जागेवरून पडलेले. जंजिऱ्याच्या एकाही सिद्दीने यातला एकही किताब घेतला नाही. सुरुवातीला मला हे विस्मरण वाटले. पण लाल समुद्र ओलांडून विकली गेलेली मुले बहुतांशी त्या सम्राटांच्या जातीजमातींतली नव्हतीच. ती दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या ओरोमो, कंबाटा यांसारख्या लोकांतली. काही तर सम्राटाच्याच स्वाऱ्यांत पकडलेली. 'रास' हा त्यांच्यासाठी वडिलांचा किताब नव्हता, असलाच तर पकडणाऱ्याचा होता.

एकोणिसाव्या शतकात दोन्हीकडे आणखी एक प्रकार आला, युरोपी तऱ्हेच्या मानपदकांचा : तारा, फीत, दर्जा. सम्राट योहान्नेस चौथा याने १८७४ मध्ये सोलोमनच्या मुद्रेचे पदक सुरू केले. त्याचा एक दूत मारिचा वर्का आपल्या मुंबईत शिकलेला होता. तो आणि त्याचा भाऊ गब्रू हे पोरवयात डॉ. जॉन विल्सनच्या शाळेत होते. आणि १८६७ मध्ये सम्राट तेवोद्रोसवर चालून गेलेली फौज मुंबईच्याच बंदरातून निघाली होती. तिचा सेनापती रॉबर्ट नेपिअर मुंबई फौजेचा प्रमुख होता. मग्दाल्याचा डोंगर जिंकल्याबद्दल तो 'मग्दाल्याचा बॅरन नेपिअर' झाला. इथिओपियाच्या डोंगराचे नाव असा इंग्रजी उमरावाचा किताब झाला. जंजिऱ्याचे नवाब सर सिद्दी अहमदखान यांना इंडियन एम्पायरच्या पदकाचा सर्वोच्च दर्जा मिळाला. ११ तोफांची सलामी संस्थानाला होती. इथिओपियाचा सम्राट पदके देत होता, हबशी वंशाचा नवाब घेत होता.

याकूतखानाचे पुढे काय झाले ते मजेशीर आहे. १७९१ मध्ये गादीचा दावेदार सिद्दी अब्दुल करीम, लोकांचा बाळूमियाँ, याने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळची सचिनची जहागीर घेतली. पेशव्यांना जंजिरा काही मिळाला नाही. पण याकूतखान हे नाव बाळूमियाँच्या घराने नेले : सचिनचे नवाब पहिला, दुसरा, तिसरा याकूतखान म्हणवून घेत, वर 'मुबाझरतुद्दौला' आणि 'नुसरतजंग'. जंजिऱ्याचे नवाब मात्र आपले नाव आणि बापाचे नाव असे, आपल्या कोकणी पद्धतीने लिहीत. किल्ला एकाकडे राहिला, माणिक दुसऱ्याकडे गेले. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने विलीन झाली. उरलेसुरले मान १९७१ च्या घटनादुरुस्तीने संपले, आणि इथिओपियात तीन वर्षांनी सम्राटच गेला.

'सिद्दी' हा शब्द मात्र संपला नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईला लागणाऱ्या आगबोटींच्या तळाशी भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आफ्रिकी खलाशांना इंग्रज 'सीदी' म्हणत. त्याच बंदरात तोफांची सलामी घेणारा नवाब सिद्दी आणि भट्टीपुढे भाजून निघणारा सीदी. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दी शेतकरी आहेत. २००३ मध्ये त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. त्यांच्या दाखल्यावर आज 'सिद्दी' लिहिलेले असते. धनी, हा अर्थ तिथे कुणी सांगत नाही.

वहीची मांडणी मी बदलली आहे. आता तीन रकाने आहेत : किताब, दिलेले नाव, जन्माचे नाव. पहिला रकाना भरगच्च आहे, दुसराही बराच भरला. तिसऱ्यात अंबरसमोर 'चापू' लिहिले आहे. कासम, संबळ, खैरियत, जोहर, रसूल यांच्यासमोर जागा मोकळी ठेवली आहे. जुन्या लेखाची दुरुस्ती संपादकांना पाठवली, आणि तिची एक प्रत वाचनालयातल्या त्या आजोबांनाही.