क्रेडिट शेल (विमान प्रवास)

क्रेडिट शेल म्हणजे रद्द केलेल्या वा न वापरलेल्या विमान तिकिटाची रक्कम प्रवाशाला परत न देता, पुढील प्रवासासाठी त्याच्या नावे विमान कंपनीकडेच जमा ठेवण्याची पद्धत होय. ही रक्कम ठरावीक मुदतीत वापरली न गेल्यास सहसा बुडीत होते. भारतात परतावा घ्यावा की क्रेडिट शेल स्वीकारावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा असतो.

स्वरूप
क्रेडिट शेलची नोंद बहुधा मूळ तिकिटाच्या पीएनआर क्रमांकाशी जोडलेली असते. नवे तिकीट काढताना हा क्रमांक देऊन रक्कम वळती करून घेता येते. नवे भाडे अधिक असल्यास फरक प्रवाशाने भरायचा असतो. भाडे कमी असल्यास उरलेली रक्कम शिल्लक राहते की नाही, तसेच ती दुसऱ्या व्यक्तीच्या तिकिटासाठी वापरता येते की नाही, हे कंपनीच्या अटींवर अवलंबून असते.

मुदत
आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या रूढ अटींनुसार, मुळीच न वापरलेले तिकीट काढल्याच्या दिवसापासून सामान्यतः एक वर्ष वैध असते. सवलतीच्या तिकिटांची मुदत याहून कमी असू शकते. क्रेडिट शेलच्या मुदतीबाबत दोन भेद महत्त्वाचे ठरतात. पहिला, मुदत तिकीट काढल्यापासून मोजली जाते की रद्द केल्यापासून. दुसरा, अंतिम तारखेपर्यंत केवळ नवे आरक्षण करणे पुरेसे आहे की प्रवासही पूर्ण व्हावा लागतो. जमा रकमेतून काढलेले तिकीट पुन्हा रद्द केल्यास अनेकदा मूळ मुदतच कायम राहते.

भारतातील नियम
परताव्याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवते. त्यांच्या 2016 मधील सुधारणेनुसार क्रेडिट शेल हा प्रवाशाचा ऐच्छिक पर्याय असून कंपनीने तो परस्पर लागू करू नये, असे बंधन आहे. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू शकत नाही. तिकीट 'परतावा नाही' या प्रकारचे असले अथवा प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही, तरी वैधानिक कर आणि विमानतळ विकास शुल्कासारख्या रकमा परत कराव्या लागतात. या तरतुदीची माहिती नसल्याने अनेक प्रवासी संपूर्ण रक्कम बुडाली असे समजून मागणीच करीत नाहीत.

कोविड-19 आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय
25 मार्च 2020 पासून देशांतर्गत विमानसेवा दोन महिने बंद होती. या काळात अनेक कंपन्यांनी प्रवाशांच्या संमतीविना रकमा क्रेडिट शेलमध्ये ठेवल्या. 'प्रवासी लीगल सेल विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी निर्णय दिला. टाळेबंदीच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांची पूर्ण रक्कम तत्काळ परत करण्याचे आदेश देण्यात आले. टाळेबंदीपूर्वी काढलेल्या, परंतु 24 मे 2020 पर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचा परतावा 15 दिवसांत द्यावा; आर्थिक अडचणीतील कंपन्यांना 31 मार्च 2021 पर्यंत वापरता येईल असे क्रेडिट शेल देता येईल, असे न्यायालयाने ठरवले. हे क्रेडिट शेल कोणत्याही मार्गासाठी वापरण्याची व अन्य व्यक्तीला हस्तांतरित करण्याची मुभा होती. त्याच्या मूल्यात 30 जून 2020 पर्यंत दरमहा 0.5 टक्के व त्यानंतर 0.75 टक्के वाढ देण्यात आली. म्हणजे 10,000 रुपयांवर अनुक्रमे दरमहा 50 व 75 रुपये. मुदतीअखेर न वापरलेली रक्कम परत करणे बंधनकारक होते.

कंपनी बंद पडल्यास
क्रेडिट शेल ही कंपनीने प्रवाशाला देणे असलेली, परंतु तारण नसलेली रक्कम असते. जेट एअरवेजची सेवा एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्टची मे 2023 मध्ये थांबली, तेव्हा या कंपन्यांच्या प्रवाशांना नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 नुसार धनको म्हणून दावे दाखल करावे लागले. अशा प्रक्रियेत तारण असलेल्या धनकोंना अग्रक्रम मिळत असल्याने प्रवाशांच्या वसुलीची शक्यता कमी राहते. मुदत शिल्लक असूनही रक्कम निरुपयोगी ठरू शकते, हा क्रेडिट शेलमधील प्रमुख धोका होय.

तक्रार निवारण
कंपनीने परतावा नाकारल्यास केंद्र शासनाच्या 'एअरसेवा' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी पीएनआर क्रमांक, रद्द केल्याचा संदेश आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार हे पुरावे उपयोगी पडतात.