एका पौंडाचा हिशेब

जानेवारी १८७७. सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुराहून काही कोसांवरच्या आष्टी गावाजवळ तुम्ही उभे आहात. समोर तलावाच्या धरणाचं काम चाललंय. माती खणणारे पुरुष, पाट्या वाहणाऱ्या बाया, खडी फोडणारी म्हातारी माणसं. गेल्या वर्षी पावसानं तोंडच फिरवलं. ज्या ज्वारीवर हा मुलूख जगतो, तिची ताटं बहुतेक शेतांत उभीच राहिली नाहीत. बैल कातड्याच्या भावात गेले. जवळ थोडी चांदी होती त्यांनी ती मोडून खाल्ली, आणि ज्यांच्याजवळ काहीच नव्हतं ते इथे हजेरीला उभे आहेत.

एक गोष्ट लगेच ध्यानात घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकीचं दिसेल. धान्य आहे. मुंबईहून सोलापूरला आगगाडी येऊन सतरा वर्षं झाली. पोती उतरतायत, पेढ्यांवर रचली जातायत. भाव मात्र असा चढलाय की मजुराच्या हाताला तो लागत नाही, आणि व्यापारात हात घालायचा नाही हे सरकारनं पक्कं ठरवलंय. म्हणजे या माणसांचा जीव पावसावर जेवढा, तेवढाच मजुरीवर अवलंबून आहे. मजुरी किती द्यायची ते कागदावर ठरतं.

तो कागद आता आलाय. हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांचा हिशेब असा, की मजुराला दिवसाला एक पौंड धान्य विकत घेता येईल एवढे पैसे आणि वर मीठ-मिरचीपुरतं काही. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर माती वाहायची. बरं, हे गृहस्थ मुळात निर्दय होते असंही नाही. तीनच वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला होता आणि माणसं वाचवली होती. त्यावर उधळपट्टी केली म्हणून वरिष्ठांकडून आणि वर्तमानपत्रांतून बोलणी खाल्ली. या खेपेला ते काटकसर सिद्ध करायला निघालेत. जीव वाचवल्याची शिक्षा झालेला माणूस पुढच्या वेळी कसा वागतो, ते तुम्ही इथे डोळ्यांनी बघताय.

मद्रासकडे आरोग्य खात्याचे डॉक्टर कॉर्निश ओरडून सांगतायत की एवढ्यावर राबणारं शरीर टिकणार नाही, तुरुंगातल्या कैद्यालाही याहून जास्त मिळतं. पण धरणाच्या कामावर हे कळायला डॉक्टर लागत नाही.

“दादा, पोटाला पुरंना,” शेजारची बाई तुम्हाला सांगते. पाटी तिनं खाली ठेवलीय. “बसून मेलं काय अन् दगुड फोडून मेलं काय.”

मुकादम हजेरीची वही घेऊन ओरडतो. ती उठत नाही. तिच्यामागे आणखी काही जण बसतात. दख्खनच्या जिल्ह्याजिल्ह्यांत या हिवाळ्यात असंच होतंय. हजारो माणसं कमी मजुरीची आणि घरापासून दूरची कामं सोडून चालू लागतात. उपाशी माणसांनी कामावर बहिष्कार टाकायचा, हे साहेबांना कळत नाही. त्यांचा निष्कर्ष एवढाच, की ज्याअर्थी सोडून गेले त्याअर्थी त्यांना गरज नव्हती. हा तर्क जुना आहे आणि अजून मेलेला नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ साली, महाराष्ट्र रोजगार हमीचा कायदा करील: मागेल त्याला काम, न दिल्यास भत्ता. तुमच्या तोंडावर येतं ते. पण त्या बाईला १९७७ सांगून काय उपयोग?

त्यापेक्षा बांधाच्या कडेला बसलेल्या त्या पागोटेवाल्याकडे जा. पुण्याच्या सार्वजनिक सभेला बातमी कळवणाऱ्यांपैकी तो एक. सभेनं गावोगाव अशी माणसं नेमलीत. तो भाषण करत नाही. विचारतो आणि लिहून घेतो: गाव कोणतं, घरात माणसं किती होती, आता किती आहेत, आज हातात काय पडलं, बाजारात ज्वारी काय भाव. सरकारी अहवालात जे अंकही होत नाहीत, त्यांना तो ओळीत बसवतो. मला विचाराल तर त्या वर्षी निराधारांच्या बाजूनं झालेलं सर्वांत धारदार काम हेच. दया करणारे पुष्कळ होते. सरकारला नकार देता येणार नाही असा तपशील गोळा करणारे थोडे.

पुण्यात हा तपशील पत्रांत घातला जातो आणि मुंबई सरकारकडे रवाना होतो. सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी, सगळ्यांचे सार्वजनिक काका. वर्षारंभीच दिल्लीत लॉर्ड लिटननं व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरवला. जरीच्या त्या गर्दीत काका हातानं कातलेल्या सुताचा पांढरा पोशाख करून सभेतर्फे हजर होते.

एप्रिलमध्ये जुन्नर तालुक्यात चला, ओतूरला. सावित्रीबाई फुले जोतीरावांना पत्र लिहितायत. सत्यशोधक कार्यकर्ते दुष्काळात लोकांना धीर देत हिंडतायत, आणि सावकारांशी झालेल्या तंट्यात पोलिसांनी त्यांनाच धरलंय. कलेक्टरनं बोलावलं तेव्हा बाईंनी थेट विचारलं: चौकशी न करता या भल्या माणसांवर आळ का घेतला? कलेक्टर भला निघाला. माणसं सुटली, ज्वारीच्या गाड्या निघाल्या. याला नशीबही म्हणता येईल, दुसरा साहेब असता तर? पण साहेब भला आहे की नाही हे कळायला आधी कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहून विचारावं लागतं.

मे महिन्यात पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधकांची अन्नछावणी चालू आहे. आईबाप गमावलेली, टाकून दिलेली, वाट चुकलेली मुलं तिथे जेवतायत, आणि जोतीराव मदतीसाठी आवाहन काढतात. दक्षिण हिंदुस्थानात या दुष्काळानं नेलेल्यांचा आकडा पुढे कमीत कमी धरूनही पन्नास लाखांवर जाईल. धनकवडीच्या पंक्ती त्यापुढे किती लहान, हे तुम्हाला माहीत आहे. वाढणाऱ्यांनाही त्याचा अंदाज असावा. ते वाढतच राहतात.

याच सुमाराला मुंबईला नवे गव्हर्नर येतात: सर रिचर्ड टेंपल. म्हणजे सभेची पत्रं आता ज्यांच्या हिशेबाविरुद्ध होती, त्यांच्याच सरकारकडे जाणार. सभा पुढचं पत्र लिहायला घेते. मजकूर बदलायचं तिला काही कारण दिसत नाही.