सांध्यावरून कूळ

बोरीवली पूर्वेला एका सायकलवाल्या काकांच्या गाळ्यात, छताच्या हुकाला एक फ्रेम टांगलेली दिसली. नुसती फ्रेम, ना चाकं, ना चिमटा. कुणाचा तरी भाचा अमेरिकेतून येताना घेऊन आला आणि ती इथेच पडून राहिली. त्यावर कुणीतरी दाराला मारायचा काळा ऑइलपेंट फासलेला, त्यामुळे नाव, स्टिकर सगळं गडप. काकांचा निकाल तयार होता: "डबल शॉकअप आहे. ॲल्युमिनियमच्या भावात जाईल."

डबल शॉकअप हा आपल्याकडचा सरसकट शब्द. पुढे चिमट्यात स्प्रिंग, मागे सीटखाली स्प्रिंग, झालं. अशी सायकल घेऊन नॅशनल पार्कातून कान्हेरीचा चढ ज्यांनी चढलाय त्यांना तिचा स्वभाव ठाऊक असतो. पॅडल दाबलं की सीट खाली, सोडलं की वर. अर्धा दम चढाला, अर्धा स्प्रिंगच्या उठाबशांना.

स्प्रिंगची हौस जुनीच. लंडनच्या लिन्ली अँड बिग्जने १८८५ सालीच 'व्हिपेट' नावाची स्प्रिंगवर डुलणारी सायकल काढली होती. तीन वर्षांनी डनलॉपचं हवेचं टायर आलं आणि स्प्रिंगची गरजच सरली. शंभरेक वर्षांनी कॅलिफोर्नियातली पोरं डोंगरावरून सायकली सोडायला लागली, तेव्हा नुसती हवा पुरेना. पुढच्या चिमट्याचा प्रश्न लवकर सुटला. १९९० साली डुरँगोच्या जागतिक अजिंक्यपदात नेड ओव्हरएंड आणि ग्रेग हर्बोल्ड हे दोघे रॉकशॉक्सच्या चिमट्यावर जिंकले. मागचं चाक मात्र हट्टी, कारण तिथे साखळी आहे. पॅडल मारलं की साखळी चाकाला पुढे ओढते, आणि सांधा चुकीच्या जागी असला तर ती ओढ स्प्रिंगच्याच मुळावर येते.

हे भांडण सोडवणाऱ्यांत एक होता हॉर्स्ट लाइटनर. मूळचा ऑस्ट्रियाचा मोटोक्रॉस शर्यतवाला, पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक. मोटरसायकलच्या मागच्या स्प्रिंगला साखळीचा ताण छळतो, हे त्याने आधीच ओळखलं होतं. त्याच्या एटीके मोटरसायकलचं नाव त्या ताणविरोधी साखळीयंत्रणेच्या जर्मन नावातूनच आलं. मग सायकलींसाठी त्याने ॲम्प रिसर्च काढली आणि मागच्या खालच्या दांडीत, ॲक्सलच्या जरा पुढे, एक छोटा सांधा टाकला. ॲक्सल मग त्या दांडीवर पक्का बसत नाही, वरच्या दांडीच्या टोकाला लटकतो. ब्रेक दाबला तरी स्प्रिंग आखडत नाही, पॅडलचा जोरही तिला फारसा कुरतडत नाही. एका खिळीएवढ्या बदलाचा हा प्रताप, म्हणून त्या सांध्याला जगभर त्याचंच नाव पडलं: हॉर्स्ट लिंक.

१९९८ साली स्पेशलाइज्ड कंपनीने या सांध्याचं पेटंट विकत घेतलं. त्यानंतर परवाना न घेणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी तो सांधा उचलून ॲक्सलच्या वर, वरच्या दांडीत नेला. दिसायला तेच, चालायला वेगळं. मला तर त्या काळातली फ्रेम ओळखायची ही सगळ्यात भरवशाची खूण वाटते. स्टिकर कोणीही चिकटवतो. सांधा कुठे ठेवायचा हे मात्र तेव्हा वकिलांनी ठरवलेलं असायचं.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. दहिसर नदीचं मूळ याच पार्कात, तुळशी तलावापाशी आहे, तेव्हा इथल्या माणसाला ही म्हण तशी लागू नाही. काकांकडून स्टूल मागून घेतलं आणि रुपयाच्या नाण्याने रंग खरवडला. ॲक्सलच्या पुढे, थोडा खाली, बोटाच्या पेराएवढा सांधा आणि त्यात ॲलन-कीचा बोल्ट. डिस्क ब्रेकसाठी जागा नाही, मागे फक्त रिमब्रेकच्या दोन खुंट्या. म्हणजे नव्वदीतला माल. आणि शॉकअप? तो नुसता मध्ये अडकवलेला नव्हता, मागच्या सांगाड्याचं एक हाडच तो होता. मारुती ८००च्या पुढच्या चाकाला असतो तोच मॅकफर्सन स्ट्रट, सायकलीवर. ॲम्पच्या बी-३ची हीच ठेवण. स्पेशलाइज्डपेक्षा जुन्या घरची पोर.

"चालेल का?" काकांनी विचारलं.

शॉकअपची सिलं मेलेली, दांडा हाताने दाबला तर तेलाचा ओघळ. नवा मिळायचा नाही. ॲम्पने सायकली कधीच सोडल्या. आता ते पिकअप गाड्यांना चढायच्या पायऱ्या बनवतात.

काका काही बोलले नाहीत. पंक्चरला आलेली एक चकचकीत डबल शॉकअप त्यांनी उलटी केली आणि ॲक्सलच्या पुढे, मग वर, अंगठा फिरवून पाहिला.

"इथं सरळ दांडी आहे," ते म्हणाले, आणि टायरलिव्हर उचलला.