काळा आजार : चट्ट्यांवरील औषध आणि डोळ्यांना धोका

काळा आजार बरा झाल्यावरही काही रुग्णांच्या त्वचेवर फिकट चट्टे वा गाठी उमटतात. बिहारमध्ये आढळणाऱ्या या विकारास लिशमॅनिया हा परोपजीवी कारणीभूत असतो. त्यावर मिल्टेफोसिन हे तोंडावाटे घ्यावयाचे औषध साधारणतः १२ आठवडे दिले जाते. उलट्या व जुलाब हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम होत. गर्भाला अपाय संभवत असल्याने ते गर्भवतींना वर्ज्य असून, उपचारांदरम्यान व त्यानंतर ५ महिने गर्भनिरोधन आवश्यक ठरते. काही रुग्णांच्या डोळ्यांचा दाह होऊन दृष्टी गेल्याचेही आढळले आहे. त्यामुळे उपचारांपूर्वी नेत्रतपासणी करून घ्यावी. डोळे लाल होणे, दुखणे वा अंधूक दिसणे ही लक्षणे जाणवताच औषध थांबवून तातडीने डॉक्टरांना दाखवावे.