दाट रचनेच्या सर्व्हर कक्षाचे नियोजन : वीज, शीतकरण आणि भार यांचा ऐतिहासिक अभ्यास (१९४६ ते २०२४)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुतेक वेळा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. निर्वात नलिका, ट्रान्झिस्टर, एकात्मिक परिपथ आणि सूक्ष्मप्रक्रियक या चार पायऱ्या सांगितल्या की तो पूर्ण झाला, असे आपल्या पाठ्यपुस्तकांतून मानले जाते. संगणक ज्या खोलीत उभा राहतो त्या खोलीचा इतिहास मात्र या मांडणीत येत नाही. वस्तुतः यंत्राला लागणारी वीज, त्या विजेतून निर्माण होणारी उष्णता आणि यंत्राचे वजन या तिन्ही गोष्टी इमारतीलाच सोसाव्या लागतात. यंत्र चार-पाच वर्षांनी बदलते. इमारत चाळीस-पन्नास वर्षे तीच राहते. या विसंगतीतून जे प्रश्न उभे राहिले आणि त्यांवर जी उत्तरे शोधली गेली, त्यांचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. २००१ नंतर आलेल्या ‘ब्लेड’ सर्व्हरमुळे हे प्रश्न तीव्र झाले, म्हणून त्या दशकावर विशेष भर दिला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. संगणक कक्षाच्या भौतिक नियोजनातील प्रमुख टप्पे पाहणे.
२. दाट रचनेच्या सर्व्हरमुळे जुनी नियोजनपद्धती का अपुरी पडली, याची कारणे शोधणे.
३. या इतिहासाच्या आधारे महाविद्यालयीन संगणक कक्षांसंबंधी काही निरीक्षणे मांडणे.

गृहीतक आणि अभ्यासपद्धती

‘वीज, शीतकरण आणि भार यांचे नियोजन एकत्रित झाले तेव्हा संगणक कक्ष टिकले, ते तीन स्वतंत्र विभागांत विभागले गेले तेव्हा अडचणी उद्भवल्या,’ हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून माहिती दुय्यम साधनांतून घेतली आहे. आवश्यक तेथे साधे गणित मांडून तिची पडताळणी केली आहे.

यंत्र हीच खोली : १९४६ ते १९९०

फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ‘एनिॲक’ या संगणकाचे उद्घाटन झाले. सुमारे १८,००० निर्वात नलिका, सुमारे ३० टन वजन आणि सुमारे १५० किलोवॅट वीज असा त्याचा पसारा होता. सुमारे १,८०० चौरस फूट जागा व्यापणाऱ्या या यंत्रासाठी हवा खेळविणारे पंखे हा मूळ आराखड्याचाच भाग होता. म्हणजेच उष्णतेचा विचार संगणकाच्या जन्मापासून सुरू झाला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकातही सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्या काळी यंत्र आणि खोली यांत फारसा भेद नव्हता.

१९६४ मध्ये आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. या मालिकेबरोबर भौतिक नियोजनाची स्वतंत्र पुस्तिका ग्राहकाला मिळत असे. प्रत्येक घटकाचे वजन, त्याने टाकलेली उष्णता, त्याला लागणारी वीज आणि सभोवती सोडावयाची मोकळी जागा हे सर्व एकाच पुस्तिकेत नोंदलेले असे. यंत्र येण्यापूर्वी खोली तयार करणे हा व्यवहाराचा रिवाजच होता. याच सुमारास, १९६५ मध्ये, राल्फ लीबर्ट यांनी अमेरिकेतील कोलंबस येथे केवळ संगणक कक्षांसाठी वातानुकूलन यंत्रे बनविणारा उद्योग सुरू केला. माणसांच्या सोयीसाठीचे वातानुकूलन आणि यंत्रासाठीचे वातानुकूलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची ही पावतीच होती.

पुढे वेगाबरोबर उष्णता वाढली आणि हवेची जागा द्रवाने घेतली. १९७६ मध्ये लॉस अलामॉस येथे बसविलेला ‘क्रे-१’ हा महासंगणक फ्रेऑनने थंड केला जात असे. त्याचे वजन पाच टनांहून अधिक आणि विजेची गरज सुमारे ११५ किलोवॅट होती. १९८० मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या ‘३०८१’ या संगणकात पाण्याने थंड होणारी घटकरचना होती. १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये तर परिपथच विद्युतरोधक द्रवात बुडविलेले होते.

विस्मरणाचा काळ : १९९० ते २०००

१९९० नंतर चित्र पालटले. कमी वीज घेणाऱ्या ‘सीमॉस’ परिपथांमुळे मोठे संगणकही पुन्हा हवेवर चालू लागले आणि अनेक कक्षांतील पाण्याच्या नळवाहिन्या निरुपयोगी ठरल्या. त्याच वेळी वैयक्तिक संगणकाच्या घटकांपासून बनलेले सर्व्हर बाजारात आले. ते कोणत्याही टेबलावर बसत, भिंतीवरील साध्या सॉकेटवर चालत आणि दोन माणसांना सहज उचलता येत. त्यामुळे भौतिक नियोजनाच्या पुस्तिकेची गरज उरली नाही, अशी समजूत रूढ झाली.

हे सर्व्हर एकोणीस इंच रुंदीच्या रॅकमध्ये बसविले जाऊ लागले. रॅकमधील उंची पावणेदोन इंचांच्या एककात मोजतात आणि सर्वसाधारण रॅकमध्ये अशी ४२ एकके असतात. दशकाच्या अखेरीस एका एककाच्या उंचीचे सर्व्हर आले. असा एक सर्व्हर ३५० वॅट घेतो असे धरले तर भरलेला रॅक १४.७ किलोवॅट घेतो. एकेकट्या सर्व्हरचा आकडा किरकोळ वाटतो. बेरीज मात्र किरकोळ नसते. ही बेरीज कोणी करावयाची, हे या काळात ठरलेले नव्हते.

ब्लेड सर्व्हर आणि दाटीचा प्रश्न : २००१ ते २००७

२००१ मध्ये आरएलएक्स टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीने तीन एककांच्या पेटीत २४ ब्लेड बसविणारी रचना आणली. या हिशेबाने एका रॅकमध्ये ३३६ सर्व्हर मावत. यातील महत्त्वाची बाब अशी की, या पहिल्या ब्लेडमध्ये अत्यल्प वीज घेणारा ‘क्रुसो’ प्रक्रियक होता. दाटी आणि काटकसर या दोन्ही कल्पना प्रारंभी हातात हात घालून आल्या होत्या. २००२ मध्ये आयबीएमने ‘ब्लेडसेंटर’ आणले. सात एककांत १४, म्हणजे रॅकमध्ये ८४ ब्लेड. परंतु त्यांत पूर्ण शक्तीचे प्रक्रियक होते. २००६ मध्ये एचपी कंपनीच्या ‘सी-७०००’ पेटीने दहा एककांत १६ ब्लेड बसविले. दाटी टिकली, काटकसर मागे पडली.

यामागे एक मूलभूत कारण होते. ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसतशी त्यांची विजेची गरजही त्याच प्रमाणात घटेल, त्यामुळे दर क्षेत्रफळामागील उष्णता स्थिर राहील, हे तत्त्व रॉबर्ट डेनार्ड व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते. सुमारे २००५ पर्यंत गळती-प्रवाहामुळे हे तत्त्व लागू पडेनासे झाले. २००४ मध्ये इंटेलने ‘टेजास’ हा प्रक्रियक रद्द केला आणि बहुगाभा रचनेकडे मोर्चा वळविला, तो याच मर्यादेमुळे.

आता अशा एका भरलेल्या रॅकचा हिशेब पाहू. चार पेट्यांचा रॅक २० किलोवॅट घेतो असे मानू.

(अ) वीज : घरगुती पद्धतीचा १६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम ३.७ किलोवॅट देतो. २० किलोवॅटसाठी थ्री-फेज जोडणी आणि प्रत्येक फेजवर सुमारे २८ अँपिअर प्रवाह लागतो. फेजवरील भार समतोल ठेवण्याचे काम निराळेच.

(ब) शीतकरण : सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेतच रूपांतरित होते. २० किलोवॅट म्हणजे सुमारे ५.७ टन वातानुकूलन. रॅकमध्ये शिरणारी व बाहेर पडणारी हवा यांत १२ अंशांचा फरक धरला तर दर सेकंदाला सुमारे १.४ घनमीटर हवा रॅकमधून वाहिली पाहिजे. उंचावलेल्या फरशीतील एका छिद्रयुक्त लादीतून सर्वसाधारणपणे ०.२ घनमीटरच्या आसपास हवा मिळते. म्हणजे एका रॅकला सात लाद्या हव्यात. त्याच्यासमोर जागा मात्र एका लादीची असते.

(क) भार : पूर्ण भरलेली ‘सी-७०००’ पेटी सुमारे २२० किलोची असते. चार पेट्या आणि रॅक मिळून वजन एक टनाच्या आसपास जाते. हे वजन चार पायांवर, म्हणजे प्रत्येकी अडीचशे किलो, उतरते. मोकळ्या वाटेसह एका रॅकला २.४ चौरस मीटर जागा धरली तरी दर चौरस मीटरला सुमारे ४१५ किलो, म्हणजे ४.१ किलोन्यूटन भार होतो. आपल्याकडील १९८७ च्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) वर्गखोलीसाठी हा आकडा ३ किलोन्यूटन आहे. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘टीआयए-९४२’ या मानकाने डेटा सेंटरच्या फरशीसाठी किमान ७.२ किलोन्यूटनची क्षमता सांगितली, ती उगाच नव्हे.

जुनी पद्धत येथेच अपुरी पडली. तोवर कक्षाची क्षमता दर चौरस फुटामागे किती वॅट, अशा सरासरीत सांगितली जाई. ५० किलोवॅटच्या खोलीत अडीच किलोवॅटचे वीस रॅक सुखाने चालत. त्याच खोलीत २० किलोवॅटचे दोन रॅक आणि उरलेले हलके रॅक ठेवले तर सरासरी तीच राहते, पण ते दोन रॅक तापतात. सरासरी खोटी नव्हती. तिच्यातून आवश्यक तो प्रश्नच विचारला जात नव्हता.

नवी शिस्त

या अनुभवातून नियोजनाचे एकक खोलीऐवजी रॅक झाले. आयबीएममधील रॉबर्ट सलिव्हन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी पुरस्कारलेली ‘थंड वाट–उष्ण वाट’ ही मांडणी आता सर्वत्र स्वीकारली गेली. रॅकची तोंडे समोरासमोर ठेवून थंड हवा एका वाटेत सोडावयाची आणि पाठीमागची गरम हवा दुसऱ्या वाटेतून काढून घ्यावयाची, इतके ते साधे तत्त्व आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील ‘ॲश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी २० ते २५ अंश सेल्सिअस ही शिफारस केली. २००८ मध्ये ती १८ ते २७ अंश अशी विस्तारली. खोलीचे नव्हे, तर सर्व्हरच्या तोंडाशी असलेले तापमान महत्त्वाचे, हा त्यातील खरा बदल होय.

२००७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आपल्या संसदेला अहवाल सादर केला. त्यानुसार २००६ मध्ये त्या देशातील डेटा सेंटरनी सुमारे ६१ अब्ज युनिट वीज वापरली होती. हे प्रमाण एकूण वापराच्या दीड टक्के होते. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी दुसरी बाजू दाखविली. यंत्रावरील पट्टीवर छापलेले आकडे बेरजेत धरल्यास गरजेपेक्षा बरीच अधिक क्षमता उभारली जाते, कारण हजारो सर्व्हर एकाच क्षणी कमाल वीज घेत नाहीत. अपुरे नियोजन आणि अवाजवी नियोजन या दोन्हींचे मूळ एकच : प्रत्यक्ष मोजमापाचा अभाव.

याच वर्षी महाराष्ट्राच्या इतिहासातही या विषयाची नोंद झाली. पुण्यातील कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहाच्या कंपनीचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला. ११७.९ टेराफ्लॉप वेगाचे हे यंत्र ब्लेड सर्व्हरचेच होते. दाट रचना भारतीय हवामानात, भारतीय इमारतीत यशस्वी होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले; परंतु तेथे यंत्र आणि कक्ष यांचा विचार एकत्र झाला होता.

महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तुत अभ्यासकाच्या पाहण्यातील एका महाविद्यालयात भारनियमनाच्या काळात सर्व्हर यूपीएसवर होते, वातानुकूलन मात्र नव्हते. वीज गेल्यावर सर्व्हर चालू राहिले याचे सर्वांना समाधान वाटले. काही वेळाने ते तापून एकामागून एक बंद पडले आणि परीक्षेच्या कामाचा दिवस वाया गेला. यात कोणा एकाची चूक नव्हती. सर्व्हर खरेदी समितीने घेतले होते, यूपीएस संगणक विभागाने आणि वातानुकूलन देखभाल विभागाने. १०८ घनमीटरच्या खोलीतील हवेचे वस्तुमान सुमारे १३० किलो असते. २० किलोवॅट उष्णतेने ती हवा एक अंशाने तापावयास साडेसहा सेकंद पुरतात. भिंती व यंत्रे काही उष्णता शोषून घेतात म्हणून प्रत्यक्षात वेळ अधिक मिळतो, पण तो मिनिटांत मोजण्याइतकाच.

हा प्रश्न मागे पडलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरला जाणारा ‘डीजीएक्स एच-१००’ हा एकच सर्व्हर कमाल १०.२ किलोवॅट घेतो आणि त्याचे वजन सुमारे १३० किलो आहे. म्हणजे तीन टन क्षमतेचे, रात्रंदिवस चालणारे वातानुकूलन केवळ एका यंत्रासाठी. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या ‘जीबी-२०० एनव्हीएल-७२’ या रॅकची गरज सुमारे १२० किलोवॅट असून वजन सुमारे १.३६ टन आहे. एनिॲकच्या सभागृहाला लागणारी वीज आता जवळपास एका कपाटात मावते, आणि ते कपाट पुन्हा द्रवानेच थंड करावे लागते.

निष्कर्ष

१. संगणक कक्षाचा इतिहास सरळ रेषेत पुढे जात नाही. हवेकडून द्रवाकडे, द्रवाकडून हवेकडे आणि पुन्हा द्रवाकडे असा त्याचा प्रवास झाला आहे.
२. २००१ नंतरच्या अडचणींचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. १९६० च्या दशकात रूढ असलेली एकत्रित नियोजनाची शिस्त १९९० च्या दशकात सुटली, हे त्याचे मोठे कारण होय. यावरून प्रस्तुत अभ्यासाच्या गृहीतकास पुष्टी मिळते.
३. सरासरीवर आधारलेले नियोजन दाट रचनेला लागू पडत नाही. वीज, हवा आणि भार यांचा हिशेब रॅकनिहाय झाला पाहिजे.
४. महाविद्यालयांनी सर्व्हरची मागणी मंजूर करतानाच त्याचे किलोवॅट, वातानुकूलनाचे टन आणि वजनाचे किलो हे तीन आकडे प्रस्तावात लिहावेत. खरेदी समिती, विद्युत देखभाल विभाग आणि इमारतीचा स्थापत्य अभियंता या तिघांची सही त्याच कागदावर घ्यावी. वातानुकूलन जनित्रावर आहे काय, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारावा.

साठ वर्षांपूर्वी यंत्राबरोबर येणारी नियोजन पुस्तिका आज महाविद्यालयाला स्वतःच लिहावी लागेल. ती एका पानाचीही असू शकेल. मात्र यंत्र येण्यापूर्वी ती लिहिलेली असणे आवश्यक आहे.