मंगळुरी कौलाचें माप

कोंकणांतील जुन्या घरांवर नळीचीं कौलें असत. कुंभार चाकावर निमुळती नळी काढी व ती उभी चिरून तिचीं दोन कौलें करी. एक कौल दुसऱ्याच्या मापाचें नसे, आणि तशी गरजही नव्हती. एकावर एक पडलेल्या कौलांत तो कमीजास्तपणा झांकून जाई. याची किंमत मात्र घरधन्यास दरवर्षीं द्यावी लागे. वाऱ्यानें व माकडांनीं हालविलेलें छप्पर पावसाळ्यापूर्वीं पुन्हां शाकारावें लागे.

फ्रान्समध्यें आल्टकिर्ख येथील जिलार्दोनी बंधूंनीं १८४१ सालीं एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचें पेटंट घेतलें. त्याच जातीचें कौल बासल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं मंगळुरास काढलें. ख्रिस्ती झाल्यामुळें जातीबाहेर पडलेल्या लोकांस पोटापाण्याचा धंदा हवा होता, आणि नेत्रावतीच्या कांठीं चिकणमाती उत्तम होती.

परंतु या कौलास माप सुटून चालत नाहीं. याची खांच शेजारच्या कौलाच्या कण्यावर बसली पाहिजे, आणि रिपा तर सुतारानें आधींच ठोकून ठेवलेल्या! इकडे माती वाळतांना आटते, भाजतांना पुन्हां आटते. मिळून लांबींत शेंकडा आठदहापर्यंत घट येते. म्हणून १६ इंचांच्या कौलाचा साचा सुमारें दीड इंच मोठा धरावा लागतो. साचा मोठा करणें सोपें. प्रत्येक कौल तितकेंच आटविणें कठीण. मळतांना पाणी जास्त झालें, उन्हांत घाईनें वाळविलें, भट्टींत आंचेच्या अगदीं जवळ रचलें, कीं माप बिघडलेंच. दाबयंत्राची कीर्ति फार झाली. आमच्या मतें श्रेय माती मळणाऱ्याचें, सावलींत कौल राखणाऱ्याचें व भाजल्यावर तें पारखून निवडणाऱ्याचें अधिक आहे.

माप साधल्यावर मंगळुरास भाजलेलें कौल जहाजानें मुंबईस येऊन, करणाऱ्यानें कधीं न पाहिलेल्या घरावर बिनचूक बसूं लागलें. गांवच्या कुंभाराचें एक मोठें काम मात्र त्याबरोबर गेलें.

मिशनच्या कौलांवर नांवासोबत १८६५ हा आंकडा उमटलेला आढळतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा आहे. त्यावरून घराचें वय सांगणारे हौशी गृहस्थ हटकून फसतात. पहिल्या महायुद्धांत मिशनचे उद्योग सरकारनें ताब्यांत घेतले व पुढें ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. मंगळुरी नांव इतर अनेक कारखान्यांनीं चालविलें, पण एकाचा साचा दुसऱ्याहून केंसभर निराळा. त्यामुळें जुन्या छपरांतलें एक कौल फुटलें, तरी नवें आणून पुष्कळदां भागत नाहीं. पाडलेल्या घरांच्या ढिगांत त्याच छापाचें कौल हुडकावें लागतें.